हाफ-ब्लड प्रिन्स: सहाव्या चित्रपटाने गाळलं, त्याचा भुर्दंड शेवटच्या दोघांना

दिवाभीत (धागाकर्ता)

या धाग्यात सहाव्या आणि सातव्या पुस्तकातली सगळी गुपितं फुटणार आहेत. वाचायचं राहिलं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

'हॅरी पॉटर अँड द हाफ-ब्लड प्रिन्स' हे पुस्तक १६ जुलै २००५ रोजी आलं. चित्रपट २१ नोव्हेंबर २००८ ला यायचा होता, तो पुढे ढकलून १५ जुलै २००९ ला आला. लांबी १५३ मिनिटं, दिग्दर्शन डेव्हिड येट्सचं, पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्जची. त्यावर बोलणं निघालं की गाडी दोन स्टेशनांवर थांबते: रॉन-लॅव्हेंडरच्या प्रेमप्रकरणाला फार वेळ दिला, आणि रॉनच्या कुटुंबाचं, म्हणजे वीझलींचं घर उगाच जाळलं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण पाणी मुरतंय ते वेगळ्याच ठिकाणी.

सहावं पुस्तक हा एक तपास आहे. खलनायक व्होल्डेमॉर्टने (मूळ नाव टॉम रिडल) आपल्या आत्म्याचे तुकडे कशाकशात लपवले असतील हे ओळखायचं असेल, तर आधी तो माणूस ओळखावा लागतो. शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर वर्षभर हॅरीला तेच शिकवतात. पेन्सिव्हमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या आठवणीत उतरता येणाऱ्या भांड्यात, एकूण आठ आठवणी दिसतात. मंत्रालयातल्या बॉब ऑग्डेनची आठवण, म्हणजे टॉमच्या आजोळचं, गॉन्ट कुटुंबाचं पडकं घर. टॉमची आई मेरोपी हिने लॉकेट विकलं त्याची दुकानदार बर्कची आठवण. अनाथाश्रमातला ११ वर्षांचा टॉम. टॉमचा मामा मॉर्फिन याची आठवण. शिक्षक स्लगहॉर्नची खाडाखोड केलेली आठवण. होकी या एल्फची आठवण, ज्यात हेप्झिबा स्मिथ आपला कप आणि लॉकेट टॉमला दाखवते. व्होल्डेमॉर्ट शिक्षकाची नोकरी मागायला येतो ती. आणि शेवटी स्लगहॉर्नची खरी आठवण.

चित्रपटात यातल्या तीनच उरल्या: अनाथाश्रम आणि स्लगहॉर्नची आठवण दोनदा. प्रेक्षकाला कळतं काय, तर हॉरक्रक्स (आत्म्याचा तुकडा लपवलेली वस्तू) नावाचा प्रकार असतो आणि ते सात तुकड्यांचं प्रकरण आहे. कोणत्या वस्तू, त्याच का, आणि त्या कुठे असू शकतात, यातलं काहीच कळत नाही. पुस्तकात प्रकरण २३ संपतं तेव्हा हॅरीच्या हातात यादी असते: डायरी आणि अंगठी नष्ट झाली, लॉकेट, हफलपफचा कप आणि व्होल्डेमॉर्टची सापीण नागिणी राहिले, शिवाय रेव्हनक्लॉ किंवा ग्रिफिंडोरची (हफलपफसारखेच शाळेचे संस्थापक) एखादी वस्तू. चित्रपटात डम्बलडोर सांगतात की ती कुठलीही साधी वस्तू असू शकते. पुस्तकातले डम्बलडोर नेमकं याच्या उलट सांगतात. टॉम रिडल साध्या वस्तूला हात लावत नाही. त्याला इतिहास असलेल्या, मानाच्या, घराण्याच्या वस्तू लागतात, आणि सगळा तपास याच एका स्वभावावर उभा आहे.

आता पुढचा हिशोब बघा. ग्रिंगॉट्स बँकेच्या तिजोरीत शिरल्यावर पुस्तकातला हॅरी कप नजरेने ओळखतो. सोन्याचा, दोन नाजूक कानांचा, वर बिज्जू कोरलेला, होकीच्या आठवणीत जवळून पाहिलेला. चित्रपटातल्या हॅरीने तो कप जन्मात पाहिलेला नाही. मग करायचं काय? त्याला हॉरक्रक्सची कुजबुज ऐकू येते असं दाखवलं. हा गुण त्याला पटकथेने दिला, कारण माहिती द्यायची संधी सहाव्या चित्रपटात घालवली होती.

---

कागदीबाण

धागा वाचनखुणांत. कपापेक्षाही मुकुटाचं प्रकरण जास्त लागतं, म्हणून त्याबद्दल लिहितो.

प्रकरण २४. सहाध्यायी मालफॉयवर सेक्टमसेम्प्रा हा घातक मंत्र चालवून हॅरी पळतो आणि 'हाफ-ब्लड प्रिन्स'च्या टिपा असलेलं पुस्तक लपवायला रूम ऑफ रिक्वायरमेंट या शाळेतल्या गुप्त खोलीत जातो. जागा पुन्हा सापडावी म्हणून खूण हवी. तो एका कुरूप म्हाताऱ्या जादूगाराचा टवके उडालेला अर्धपुतळा उचलतो, ज्या कपाटात पुस्तक लपवलंय त्याच्यावर ठेवतो, त्याच्या डोक्यावर धुळीने माखलेला विग चढवतो आणि विगवर एक काळवंडलेला मुकुट. बस, एवढंच वाक्य. तोच रेव्हनक्लॉचा मुकुट. हॅरीने हॉरक्रक्स स्वतःच्या हातात धरला आणि त्याला पत्ता लागला नाही, वाचकालाही नाही.

सातव्या पुस्तकात संस्थापिकेची मुलगी हेलेना रेव्हनक्लॉ हिच्या भुताची कहाणी ऐकल्यावर त्याला हा पुतळा आठवतो. शिवाय व्होल्डेमॉर्ट नोकरी मागायला किल्ल्यात आला होता हे त्याने पाहिलेलं असतं, म्हणजे मुकुट लपवायची वेळ केव्हा मिळाली याचाही छडा लागतो. दोन्ही दुवे सहाव्या पुस्तकातले.

चित्रपटात पुस्तक लपवायचं काम रॉनची बहीण जिनीकडे आहे. हॅरीने डोळे मिटायचे, तिने पुस्तक लपवायचं आणि त्याचं चुंबन घ्यायचं. नायकाचे डोळेच मिटले, मुकुट दिसणार कुठून? म्हणून आठव्या चित्रपटात (सातव्या पुस्तकाचे दोन चित्रपट केले, त्यातला दुसरा) हेलेनाला कोडं घालावं लागलं आणि हॅरीला पुन्हा आवाजाच्या मागे जावं लागलं. तो पुतळा पडद्यावर दहा सेकंदांचा होता.

---

रानजाई

थोडी दुसरी बाजू. पुस्तकातल्या आठवणींची घडण जवळपास एकसारखी आहे: हॅरी कार्यालयात येतो, बाटली उघडते, दोघं आत उतरतात, बाहेर येतात, बसून चर्चा करतात. वाचताना हे आवडतं, कारण वाचक आपल्या गतीने थांबतो आणि मागे जातो. पडद्यावर कथा आठ वेळा थांबवली तर तिसऱ्या वेळेला प्रेक्षक सुटतो. पुस्तकात ३० प्रकरणं आहेत. काहीतरी जाणारच होतं. गाळलं म्हणून दोष देण्याऐवजी कसं ठेवता आलं असतं ते सांगा.

---

दिवाभीत

रानजाई, रास्त मुद्दा. मांडून बघतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा ढोबळ हिशोब धरला आहे.

गॉन्ट घराणं, ४ मिनिटं. यातल्या तीनच गोष्टी लागतात: मेरोपीचा बाप मार्व्होलो याच्या बोटातली अंगठी, मेरोपीच्या गळ्यातलं लॉकेट, आणि खिडकीबाहेरून घोड्यावर जाणारा देखणा थोरला रिडल, म्हणजे टॉमचा बाप. मार्व्होलो मुलीला लॉकेटच्या साखळीला धरून ऑग्डेनसमोर ओढतो, तेवढ्या एका कृतीत घराणं, गर्व आणि छळ तिन्ही येतात.

बर्क आणि होकी एकत्र, ३ मिनिटं. इथे पेन्सिव्हमध्ये दोनदा उतरायची गरज नाही. कॅमेरा लॉकेटच्या मागे ठेवायचा: मेरोपीच्या गळ्यातून दुकानाच्या काउंटरवर, त्याबदल्यात मोजलेली फक्त दहा गॅलिअन्स, तिथून हेप्झिबाच्या मखमली पेटीत, आणि पेटीत शेजारी कप. मग टॉमचा हात. डम्बलडोरांचा आवाज वरून. बोलणं जवळपास नाहीच, म्हणजे रानजाई म्हणतात तो थांबण्याचा दोष येत नाही.

नोकरीची मागणी, अडीच मिनिटं. मुकुट, १० सेकंद.

बेरीज दहा मिनिटांच्या आत. म्हणजे १५३ चे १६३. याच मालिकेतला दुसरा चित्रपट १६१ मिनिटांचा आहे, तेव्हा लांबीची सबब टिकत नाही. आणि घर जाळण्याचा प्रसंग काढला तर वाढीव मिनिटं आणखी कमी होतात.

त्या आगीचं सांगायचं तर पुस्तकात ती नाहीच. नाताळात तिथे मंत्री स्क्रिमजर येतो आणि हॅरीने मंत्रालयाची बाजू घ्यावी म्हणून सौदा करू बघतो. चित्रपटात त्याजागी व्होल्डेमॉर्टचे साथीदार बेलाट्रिक्स आणि ग्रेबॅक येऊन घर पेटवतात. पुढच्या चित्रपटात त्याच घरी लग्न, घर जागच्या जागी. आणि स्क्रिमजर सातव्यात पहिल्यांदा दिसतो, तो थोड्या वेळात मरतोही. त्याच्या मरणाचं कुणाला काही वाटणार कसं?

---

साखरझोप

मेरोपी गेल्याने आणखी एक मोठी गोष्ट हातची गेली. तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

चित्रपटात प्रेमाचं औषध आहे. रॉन चॉकलेटं खातो आणि रोमिल्डा या विद्यार्थिनीसाठी वेडा होतो, प्रेक्षक हसतात. पुस्तकातही प्रसंग विनोदीच आहे. पण तिथे प्रकरण १८ मध्ये हसण्यापूर्वी प्रकरण १० येऊन गेलेलं असतं. मेरोपीने बहुधा असंच औषध पाजून थोरल्या रिडलला आपलंसं केलं, असा डम्बलडोरांचा अंदाज आहे. मग ती ते द्यायची थांबली. त्याने आपल्यावर खरंच प्रेम केलं असेल, निदान बाळासाठी थांबेल, या आशेवर. तो सोडून गेला. तिने लॉकेट विकलं, अनाथाश्रमाच्या दारात पोहोचली, बाळाला जन्म दिला आणि तासाभरात गेली. व्होल्डेमॉर्ट अशा सक्तीच्या प्रेमातून जन्मला.

पुस्तकात वर्गातली अमॉर्टेन्शिया (प्रेमाचं औषध), रॉनची चॉकलेटं आणि मेरोपी ही एकच वीण आहे. चित्रपटाने हसरा धागा ठेवला आणि काळा ओढून काढला. म्हणून त्यातली प्रेमप्रकरणं वरवरची वाटतात. वेळ जास्त दिला हे कारण दुय्यम. ज्याच्याशी ती ताडून बघायची, ते दुसरं टोकच उरलं नाही.

---

अठरावंपान

साखरझोप, यासाठी मनापासून +१. या जोडीकडे लक्ष गेलं नव्हतं.

आता डम्बलडोर मरतात तो मनोऱ्याचा प्रसंग. इथे जे बदललं त्याने हॅरी भित्रा ठरतो, आणि हे माफ करण्यासारखं नाही.

पुस्तकातला क्रम असा. दोघं झाडूंवरून मनोऱ्यावर उतरतात. हॅरीच्या अंगावर अदृश्य झगा आहे. दार उघडतं त्या क्षणी डम्बलडोर तोंडाने काही न बोलता हॅरीला जागच्या जागी थिजवतात. त्याच क्षणात मालफॉय त्यांची कांडी उडवतो. म्हणजे स्वतःला वाचवायला जो क्षण होता तो त्यांनी हॅरीला वाचवायला खर्च केला. हॅरी सगळं बघतो, हलू शकत नाही, ओरडू शकत नाही. शिक्षक स्नेप येतो, डम्बलडोरांना मारतो, आणि अचानक हॅरीला हलता येतं. मंत्र करणारा मेला की असा मंत्र सुटतो. डम्बलडोर गेले हे हॅरीला आधी स्वतःच्या मोकळ्या झालेल्या अंगातून कळतं.

चित्रपटात डम्बलडोर त्याला खाली लपायला सांगतात आणि तो फळ्यांच्या फटीतून वर बघत उभा राहतो. मोकळा, कांडी हातात. स्नेप येऊन ओठांवर बोट ठेवतो आणि हॅरी गप्प बसतो. ज्या माणसावर सहा वर्षं विश्वास ठेवला नाही, त्याच्या एका इशाऱ्यावर. थिजवण्याचा मंत्र दाखवायला पाच सेकंद पुरेशी होती.

किल्ल्यातली लढाईही काढली. सातव्यात मोठी लढाई येणार म्हणून पुनरावृत्ती नको, असं कारण निर्मात्यांकडून तेव्हा आलं होतं. पण त्यामुळे प्राणभक्षी (व्होल्डेमॉर्टचे अनुयायी) शाळेत शिरतात, काचा फोडतात आणि चालत निघून जातात. अडवायला कुणी नाही. मग मालफॉयने वर्षभर ते बाहेरून आत येता येणारं जादूचं कपाट दुरुस्त करून इतक्या जणांना आत आणलंच कशाला? डम्बलडोरांना मारायला तर स्नेप एकटा पुरला.

---

चकोर

एक दुरुस्ती. 'प्राणभक्षी' हा शब्द डेथ ईटर्ससाठी वापरलाय, पण वाचताना आनंद शोषून घेणाऱ्या डिमेंटर्सशी त्याची गल्लत होईल. इथे तरी डेथ ईटर्सच राहू द्या.

दुसरं, कपाटाबद्दल. ती जोडी आहे: एक शाळेत, दुसरं बोर्गिन अँड बर्क्स या दुकानात. चित्रपटाने हे काम पुस्तकापेक्षा चांगलं दाखवलं आहे, हे मान्य करायला हवं. पुस्तकात मालफॉय काय करतोय हे हॅरीच्या संशयातूनच कळतं, शेवटपर्यंत. पडद्यावर तो एकटा त्या खोलीत येतो, कापड ओढतो, सफरचंद आत ठेवतो, आणि ते एक घास खाल्लेलं परत येतं. मग पक्षी. तो परत येतो मेलेला. मालफॉय साकारणाऱ्या टॉम फेल्टनने त्या मुलाचं खचत जाणं फार कमी शब्दांत दाखवलं आहे. रहस्य गेलं, पण माणूस मिळाला. अशी अदलाबदल असेल तर रूपांतराला दोष देता येत नाही.

---

रानजाई

चकोर, यात भर घालते. स्लगहॉर्नच्या माशाची गोष्ट पुस्तकात नाही. हॅरीची आई लिली हिने त्याला पाण्याने भरलेला कटोरा दिला, वर एक पाकळी, ती बुडता बुडता मासा झाली. आणि एक दिवस कटोरा रिकामा दिसला, तेव्हा ती गेल्याचं त्याला कळलं. पुस्तकात हॅरी आठवण मिळवतो ती अॅरागॉग या महाकाय कोळ्याच्या दफनानंतर, दारूच्या नशेत आणि आईची आठवण काढून. चित्रपटाने दफन ठेवलं, त्यात हा मासा घातला, आणि स्लगहॉर्न साकारणाऱ्या जिम ब्रॉडबेंटने तो प्रसंग उंचीवर नेला. हे रूपांतराचं खरं काम: पुस्तकात पानभर समजावलेली अपराधाची भावना एका वस्तूत आणून दाखवणं.

छायाचित्रणही बघा. ब्रुनो देलबोनेलला या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. आठ चित्रपटांत छायाचित्रणाचं नामांकन याच एकाला आहे. रंग जवळजवळ पिळून काढलेत, आणि गुहेतलं आगीचं कडं म्हणूनच इतकं डोळ्यांत भरतं. म्हणून तर जास्त वाईट वाटतं. हात इतके कसलेले होते, आणि तपासाचा सांगाडाच काढून घेतला.

---

कागदीबाण

नावाचाच प्रश्न राहिला. चित्रपटाचं नाव हाफ-ब्लड प्रिन्स, आणि हाफ-ब्लड प्रिन्स कोण व का, याचं उत्तर एका वाक्यात: स्नेप म्हणतो, मीच तो. प्रिन्स का? हाफ-ब्लड का? काही नाही.

पुस्तकात हॅरीची मैत्रीण हर्मायनी जुनी वर्तमानपत्रं उपसते. आयलीन प्रिन्स ही शाळेची विद्यार्थिनी, मग तिच्या लग्नाची बातमी, नवरा टोबायस स्नेप, मगल म्हणजे जादू नसलेला. म्हणजे 'प्रिन्स' हे आईचं माहेरचं आडनाव. बापाचं नाव टाकून आईकडचं घराणं कपाळावर मिरवणारा मुलगा. शेवटच्या प्रकरणात हॅरी स्वतःच म्हणतो की हा तर व्होल्डेमॉर्टसारखाच. तिथे रिडल आणि स्नेप समोरासमोर येतात, आणि गॉन्टचं घर पाहिलेलं असेल तरच ते लागतं. पुन्हा तीच गाळलेली आठवण.

त्या जुन्या पुस्तकातल्या टिपाही उगाच नाहीत. ड्राफ्ट ऑफ लिव्हिंग डेथसाठी छापील कृती म्हणते शेंगेतलं बी कापा. प्रिन्स लिहितो की चांदीच्या खंजिराच्या सपाट बाजूने चेचा, रस जास्त सुटतो. छापील कृती फक्त उलट ढवळायला सांगते. प्रिन्स दर सात उलट फेऱ्यांनंतर एक सुलट फेरी घालतो. हॅरी या माणसाकडून शिकतो, त्याच्यावर जीव लावतो, आणि तो माणूस स्नेप निघतो. चेचण्याचा प्रसंग चित्रपटात छान आहे. पण पुढे टिपा वाचणारा हॅरी फारसा दिसत नाही, त्यामुळे शेवटचा घाव वरवर बसतो.

---

अठरावंपान

चकोर, दुरुस्ती मान्य.

शेवटचं प्रकरण 'द व्हाइट टूम', म्हणजे अंत्यसंस्कार, तेही नाही. त्याजागी सगळे कांड्या उंचावतात आणि आकाशातली व्होल्डेमॉर्टची खूण विरते. ते दृश्य वाईट नाही. पण सातव्या चित्रपटाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट एक पांढरी कबर फोडून कांडी घेतो, तेव्हा पुस्तक न वाचलेल्याला ती कबर कुठून आली हे समजत नाही. गाळलेल्या दृश्यांत मुलांच्या समूहगानाचा एक भाग आहे, निकोलस हूपरचं 'इन नॉक्टेम'. गाणं चालू असताना एकेक पात्र दिसत जातं. तो भाग ठेवला असता तरी मरणाची चाहूल आधी लागली असती.

---

साखरझोप

एक व्यावहारिक विचारणा. ज्या मुलांनी आधी चित्रपट पाहिलेत आणि ६०० पानांना घाबरतात, त्यांना शेवटचे दोन चित्रपट नीट कळावेत म्हणून नेमकं काय वाचायला द्यावं? मराठी अनुवाद मंजुलचा आहे, त्यात प्रकरणांचा क्रम मूळचाच असेल ना?

---

दिवाभीत

प्रकरणांचे क्रमांक मूळ पुस्तकाचे देतो, त्यावरून अनुवादात शोधता येईल.

सहावा चित्रपट बघून झाला असेल तर: १० (गॉन्टचं घर), १३ (मेरोपी आणि अनाथाश्रम), १७ चा मॉर्फिनचा भाग, २० (कप, लॉकेट, नोकरीची मागणी) आणि २३ (हॉरक्रक्स). ही पाच आधी, सलग, एका दिवसात वाचून होतात. मग २४ मधलं पुस्तक लपवण्याचं पान, २५ मध्ये भविष्यविद्येची शिक्षिका ट्रेलॉनी हॅरी आणि व्होल्डेमॉर्टबद्दलच्या भविष्यवाणीच्या रात्रीबद्दल बोलते तो भाग, आणि २७. २५ वगळू नका. भविष्यवाणी चोरून ऐकणारा स्नेप होता हे हॅरीला तिथेच कळतं, आणि सहाव्या चित्रपटात हा प्रसंगच नाही.

२४ मधलं पान वाचून घेताना मुलांना मुकुटाबद्दल काही सांगू नका. नुसतं वाचू द्या, पुतळा, विग, मुकुट. आठव्या चित्रपटात हेलेना बोलायला लागली की बघा, त्यांना हॅरीच्या आधी आठवतं.